रंगाची साक्ष

विषय क्षुल्लक आहे, हें आरंभींच सांगून टाकणें बरें. स्त्रियांनीं ओठांस लावावयाचें एक मलम, आणि तेंहि आतां दुकानांत न मिळणारें, ह्यावर विचारी वाचकांनीं अर्धी घटका कां खर्चावी, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, नीतीचे प्रश्न जसे न्यायसभेंत व रणांगणावर उभे राहतात तसेच ते आरशाखालच्या फळीवर ठेवलेल्या डबींतहि असतात. मात्र डबी लहान म्हणून ती उघडून पाहण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

गेल्या कांहीं वर्षांत जळगांवच्या फुले मार्केटांत काय किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर काय, शृंगारसामानाच्या दुकानांतून एका नव्या तऱ्हेचा लिपग्लॉस येऊं लागला. नळींत पाहावा तर पाण्यासारखा निवळ. ओठांवर फिरवावा तों पांच-दहा क्षणांत गुलाबी. वेष्टनावर दोन गोष्टी ठळकपणें छापलेल्या असतात. पहिली ही कीं, हा रंग आमचा नसून तुमचाच आहे, तुमच्या प्रकृतीप्रमाणें तो प्रत्येकीच्या ओठांवर निराळा उमटतो. आणि दुसरी ही कीं, ह्यांत ‘ई’ जीवनसत्त्व, कोरफड, हायाल्युरॉनिक आम्ल व वनस्पतींचीं तेलें असल्यामुळें हें ओठांचें रंगविणें नसून पोषण आहे. असे प्रकार अनेक कंपन्यांनीं काढले आणि त्यांतले कित्येक थोड्याच काळांत बंदहि केले. आमच्या माहितीच्या जळगांवच्या एका कुटुंबांत कॉलेजांत जाणाऱ्या मुलीनें असा एक ग्लॉस दोन वर्षें वापरला होता. पुढें दुकानदारानें ‘ताई, कंपनीनेंच बंद केला, वरून माल येत नाहीं,’ असें सांगितलें, तेव्हां तिनें धुळ्याच्या मावशीला फोन करून तेथलीं दुकानेंहि धुंडाळावयास लावलीं. तेथेंहि तो नव्हता. घरांतील वडील मंडळी हंसली. दुसरा रंग घे म्हणाली. ‘पण तो माझा रंग होता,’ असें ती मुलगी म्हणाली. ह्या ‘माझा’ शब्दांत काय काय आहे तें पाहावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम त्या चमत्काराचें रसायन पाहूं. १८७१ सालीं आडोल्फ फॉन बायर ह्या जर्मन रसायनज्ञानें फ्लुओरेसीन नांवाचें द्रव्य सिद्ध केलें. त्याच दशकांत हाइनरिख कारो ह्यानें त्यांत ब्रोमीन मिळवून एक तांबूस रंग तयार केला व त्यास इओसिन असें नांव दिलें. ग्रीकांची इओस म्हणजे आपली उषाच. दोन्ही शब्द एकाच मूळ धातूचे. ह्या उषेच्या कुळांतले कांहीं रंग असे आहेत कीं, मेणांत व तेलांत, जेथें पाण्याचा अंश नाहीं तेथें, त्यांच्या कणांतील एक कडें मिटलेलें राहतें आणि तोंवर ते डोळ्यांस दिसतच नाहींत. ओठांचा ओलावा लागला व भोंवतालची आम्लता बदलली कीं तें कडें उघडतें आणि गुलाबी रंग प्रकट होतो. आतां निरोगी माणसांच्या त्वचेची आम्लता एकमेकांहून फार दूर नसते. ती सौम्य आम्ल असते, आणि तेवढ्यानें सर्वांचें कडें सारखेंच उघडतें. म्हणून ‘प्रत्येकीचा निराळा’ म्हणून सांगितलेला रंग बहुतेक सर्व ओठांवर जवळजवळ एकच गुलाबी असतो. जो फरक दिसतो तो ओठ मुळांत किती सांवळे किंवा किती फिकट आहेत ह्याचा, आणि बोटानें किती लावलें ह्याचा. स्वभावाचा किंवा हृदयाचा त्यांत कांहीं संबंध नाहीं.

ही युक्तीहि आजची नव्हे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत न्यूयॉर्कच्या लुफ्ट कंपनीची ‘टँजी’ नांवाची ओठकांडी अमेरिकेंत फार खपत असे. कांडींत ती नारिंगी दिसे व ओठांवर गुलाबी होई. रंगविल्यासारखें दिसूं नये, पण रंग मात्र असावा, अशी ज्यांची इच्छा त्या स्त्रियांस ती विशेष प्रिय होती. पुढें तीहि बंद पडली, आणि वर्मांट राज्यांतल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानदारानें जुन्या गिऱ्हाइकांसाठीं ती पुन्हां करवून घेतली. म्हणजे आमच्या जळगांवच्या मुलीचें दुःख एकटें तिचेंच नाहीं.

वेदान्ताच्या व सांख्याच्या ग्रंथांत स्फटिक आणि जास्वंद ह्यांचा एक जुना दृष्टान्त आहे. शुभ्र स्फटिकाजवळ जास्वंदीचें फूल ठेवलें कीं स्फटिक तांबडा दिसतो. तांबडेपणा फुलाचा, स्फटिक त्यानें बाटत नाहीं आणि रंगतहि नाहीं. आत्म्यास सुखदुःख चिकटलेलें दिसतें तें असेंच, असें शास्त्रकार सांगतात. अंमळनेरास प्रताप शेटजींच्या औदार्यानें १९१६ सालीं तत्त्वज्ञानमंदिर उभें राहिलें. तेथें कित्येक वर्षें देशांतील नामांकित पंडितांनीं अज्ञान, अध्यास व उपाधि ह्यांचाच खल केला. त्या मंदिराच्या ओसरीवर हा लिपग्लॉस कोणी नेऊन ठेवला असता तर ‘हा रंग कोणाचा?’ ह्या प्रश्नावर दोन दिवस वाद सहज चालला असता असें आम्हांस वाटतें! कारण येथें दृष्टान्त थोडा अडतो. जास्वंद स्वतः तांबडी असते. हा ग्लॉस स्वतः तांबडा दिसत नाहीं. ओठहि तितके गुलाबी नसतात. रंग एकट्या औषधाचा म्हणावा तर नळींत तो नाहीं. एकट्या ओठांचा म्हणावा तर पुसल्यावर तो राहत नाहीं. तो दोहोंच्या संयोगाचा आहे. ह्या अर्थानें ‘हा तुमचाच रंग’ हें वाक्य साफ खोटें नाहीं. परंतु त्या संयोगांतील मोठा वाटा कारखान्याचा असून सगळें श्रेय गिऱ्हाइकाच्या पदरीं टाकण्यांत विकणाऱ्याचा जो उदारपणा दिसतो, तो व्यापाऱ्याच्या अंगीं सहसा नसतो, आणि म्हणूनच त्याविषयीं संशय येतो.

हें वाक्य इतकें गोड कां लागतें? आमच्या मतें त्याचें कारण असें. ज्या बाईनें लालभडक रंग ओठांस लावला तिनें जगाला उघडच सांगितलें कीं, मी नटलें आहें. तुम्हांस आवडो वा न आवडो, तिनें फसवणूक केली नाहीं. उलट जिनें हा अदृश्य रंग लावला तिला असें म्हणतां येतें कीं, मीं कांहीं लावलेंच नाहीं, मी अशीच आहें. नटण्याचें सुख तिला हवें, परंतु नटल्याचा आरोप नको. ह्यांत तिचा दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या समाजांत मुलीच्या ओठांवरचा रंग हा तिच्या चालचलणुकीचा पुरावा मानला जातो, त्या समाजांत तिला असें आडवळण घेणें भाग पडतें. आरोपीनें सफाई तयार ठेवावी ह्यांत नवल तें काय? नवल असलें तर आरोपाचें आहे.

ओठ रंगविण्याची चाल आपल्याकडे विलायतेंतून आली असा एक समज आहे. तो निराधार आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत सुखवस्तु नागरकाची दिनचर्या वर्णिली आहे. त्यांत तो सकाळीं अंगास उटी लावून, धूप व माळा घेऊन, मग मेण व अळिता लावतो, आरशांत मुख पाहतो आणि मुखवास म्हणून विडा घेतो. मेण ओठांच्या मार्दवासाठीं व अळित्याची लाख रंगासाठीं. पोषण आणि रंग एकाच हातानें. आणि हें सर्व करणारा पुरुष आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. ओठांवरच्या रंगाविषयीं नाक मुरडणाऱ्या आमच्या कित्येक वृद्ध स्नेह्यांस आम्हीं हें सांगून पाहिलें; परंतु त्यांच्या तोंडांत त्या वेळीं विडा असल्यामुळें त्यांस उत्तर देतां आलें नाहीं.

विड्याची गोष्ट तर ह्या लिपग्लॉसच्या फारच जवळची आहे. पान हिरवें, चुना पांढरा, सातपुड्यांतील खैराचा कात तपकिरी. ह्यांत तांबडें असें कांहींच नाहीं. चुन्याच्या क्षारांत कातांतील द्रव्याचा हवेशीं संयोग झाला कीं तोंड लाल होतें. मेंदीचेंहि तेंच. पाला हिरवा, आणि हात तांबडे होतात ते पाल्यांतील रंगद्रव्य कातडीच्या वरच्या थरास धरून बसतें म्हणून. मेंदी किती वेळ ठेवली व हाताला ऊब किती होती ह्यावर तिचें रंगणें अवलंबून. परंतु रसायनावर समाधान मानील तें माणसाचें मन कसलें? आखाजीला माहेरीं आलेल्या मुली एकमेकींचे तळवे जुळवून पाहतात व जिची मेंदी अधिक रंगली तिचा नवरा तिच्यावर अधिक लुब्ध, असें चिडवितात. विडा रंगला तर जोडीदाराचें प्रेम, न रंगला तर रुसवा. बंद झालेल्या ग्लॉसच्या वेष्टनावर जें छापलें होतें तेंच आपल्या आज्या कधींच्या म्हणत आल्या आहेत: रंग उमटला तो बाहेरून आला नाहीं, तो आंतल्या कशाची तरी साक्ष आहे.

तोंवर हा खेळ आहे, आणि खेळ गोड आहे. मेंदी कमी रंगली म्हणून कोणी कोणास घराबाहेर काढीत नाहीं. परंतु रंगास एकदां साक्षीदार मानलें, म्हणजे कोणी ना कोणी न्यायाधीश होऊन बसणारच. तिकडे आम्ही पुढें वळूं. तत्पूर्वीं वेष्टनावरची दुसरी गोष्ट, ओठांच्या पोषणाची, तेवढी निकालांत काढणें अवश्य आहे.

खानदेशचा उन्हाळा ज्यानें पाहिला आहे त्याला ओठांच्या पोषणाची थट्टा करवणार नाहीं. मे महिन्यांत जळगांव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, वारा भट्टींतून आल्यासारखा येतो, आणि ओठ फुटून रक्त निघतें. घरोघर त्याला साजूक तूप, लोणी किंवा मेण लावतात. तेव्हां मलमांत तेल व मेण असणें ही खरीच सोय आहे. आमची हरकत सोयीला नाहीं, तिच्या आड लपण्याला आहे. ‘मी रंगासाठीं घेत नाहीं, ओठ फुटतात म्हणून घेतें,’ ही दुसरी सफाई. सौन्दर्याची इच्छा ही जणूं कांहीं लज्जास्पद, आणि आरोग्याची मात्र प्रतिष्ठित! आपला कायदा ह्या बाबतींत अधिक सरळ आहे. १९४० च्या औषधांच्या कायद्यांत १९६२ च्या दुरुस्तीनें सौन्दर्यप्रसाधनांचा समावेश झाला, आणि त्यांत रोग बरा करणारें किंवा टाळणारें तें औषध व रूप खुलविणारें तें प्रसाधन, असा भेद स्वच्छ केला आहे. रूप खुलविणें हा हेतु कायद्यास मान्य आहे. तो आपल्या घरांतच अजून मान्य व्हावयाचा आहे. शिवाय पोषणाची ग्वाही देणाऱ्या वस्तूंविषयीं एक गोष्ट विसरतां येत नाहीं. इओसिनवर्गाच्या रंगांनीं कित्येक स्त्रियांचे ओठ सुजल्याचे व सोलल्याचे दाखले गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत व मध्यास त्वचारोगाच्या वैद्यांनीं नोंदून ठेवले आहेत. रंग शुद्ध होत गेले तसा हा त्रास उणा झाला. ज्यास आरोग्याच्या नांवानें घरांत घेतलें त्याच्याविषयीं माणूस रंगापेक्षां कमी सावध असतो, एवढें यावरून घ्यावें.

आतां बंद होण्याविषयीं. मुलीचें दुःख हंसण्यावारी नेण्याजोगें आहे असें आम्हांस वाटत नाहीं, आणि ह्याचें कारण फैजपुरास शोधावें लागतें. १९३६ च्या डिसेंबरांत तेथें राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें, खेड्यांत भरलेलें पहिलें, म्हणून फैजपूर आज सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच्या अर्धशतक आधींच्या सरकारी गॅझेटियरांत त्याची ख्याति निराळी आहे: तेथील छापील कापडाची, आणि तांबड्या व गडद निळ्या रंगांची. रंगाऱ्यांचीं शेंकडों घरें तेथें होतीं. मध्य हिंदुस्थानांत व खानदेश-वऱ्हाडाकडे तांबडा रंग आलाच्या मुळांपासून काढीत. तो रंगहि आमच्या ग्लॉससारखाच लपून बसणारा: नुसत्या मुळाचा काढा पिवळट, कापड तुरटींत भिजवून मग त्यांत घातलें कीं लाल. १८६८-६९ च्या सुमारास ग्रेबे व लीबरमान ह्या दोघां जर्मनांनीं डांबरापासून अलिझारिन सिद्ध केलें, तें स्वस्त झालें, आणि थोड्याच वर्षांत आलाचीं शेतें गेलीं. फैजपुरच्या रंगाऱ्याला कोणी हुकूम केला नव्हता कीं तुझा रंग बंद कर. बाजारांत दुसरा स्वस्त मिळूं लागला, एवढेंच झालें. त्याच्या हातचें कसब त्याच्या मुलाच्या हातीं आलें नाहीं, आणि तें गेल्यावर जग कांहीं थांबलें नाहीं.

मात्र त्या रंगाऱ्यांत आणि आमच्या मुलींत एक भेद आहे. रंगाऱ्याला आपला रंग कशाचा होतो हें ठाऊक होतें. शेजाऱ्यानें मागितला असता तर त्याला तो पुन्हां काढून दाखवितां आला असता. आमच्या मुलीला ‘तुझाच’ म्हणून दिलेला रंग कशाचा होता हें कोणी सांगितलें नाहीं. वेष्टनावर बारीक अक्षरांत घटकांची यादी होती. ती वाचून रंग होत नसतो. जी वस्तु करण्याची विद्या आपल्यापाशीं नाहीं, जिचा भाव आपल्या हातीं नाहीं, आणि जी उद्यां मिळेल कीं नाहीं हें दूर शहरांतल्या कचेरींत ठरतें, तिला ‘माझी’ म्हणावयाचें झाल्यास त्या शब्दाला फार ताणावें लागतें. असो. व्यापाऱ्यानें बंद केलेल्या रंगाची हळहळ चार दिवसांची असते; चार दिवसांनीं दुसरी नळी येते.

जो रंग व्यापारी बंद करीत नाहीं, शेजारीं, नणंदा व भावबंद बंद करतात, त्याची गोष्ट वेगळी आहे.

हळदीच्या पाण्यांत चुना कालवला कीं तें लाल होतें. दृष्ट काढतांना हें प्रत्येक मुलानें पाहिलें आहे. त्यांतच लिंबूं पिळलें तर तें पुन्हां पिवळें होतें, हें मात्र थोड्यांनीं पाहिलें असेल. जुन्या रीतीचें कुंकूं हें ह्याच हळदीचें: हळकुंडांस लिंबाचा रस व सवागी ह्यांचें पुट देऊन, वाळवून, कुटून तें करीत. म्हणजे कुंकूं हेंहि रंग बदलणारें प्रसाधनच, आणि त्वचेस हळद गुणकारी हा समजहि त्याच्या पाठीशीं. विडा, मेंदी व कुंकूं ह्या एकाच घरच्या तीन बहिणी आहेत. परंतु मेंदीची साक्ष थट्टेवारी गेली आणि कुंकवाची साक्ष मात्र कोर्टांत उभी राहिली. कपाळींचा लाल ठिपका हा हळदीचा व सवागीचा नसून पतीच्या आयुष्याचा आहे असें ठरलें. तें एकदां ठरल्यावर पुढचा निकाल तर्काला धरूनच होता: पति गेला, साक्ष खोटी झाली, तेव्हां ती पुसून टाका. आणि ती पुसणारा हात बहुधा दुसऱ्याचा.

कुंकवावरच हें थांबलें नाहीं. धर्मशास्त्रकारांनीं ताम्बूल ज्यांस वर्ज्य केला त्यांत यति व ब्रह्मचारी ह्यांच्या पंगतीस विधवा बसविली आहे. यति आपल्या इच्छेनें विडा सोडतो. ब्रह्मचाऱ्याचा विडा अभ्यास संपेपर्यंतच बंद असतो. विधवेचा मात्र कोणत्याहि इच्छेवांचून व कोणत्याहि मुदतीवांचून बंद. कपाळाबरोबर ओठांचाहि रंग गेला. ज्या नागरकानें सकाळीं मेण व अळिता लावून आरशांत पाहिलें तो विधुर झाल्यावर त्याच्या ओठांविषयीं कोणी कांहीं लिहून ठेवल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. श्रावणांत खानदेशांत घरोघर कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ व कुंकूं लावून लोक त्याची देवी करतात आणि रोट खातात. नारळाच्या कपाळीं कुंकूं शोभतें ह्याचा आम्हांस आनंदच आहे. त्याच घरांतल्या एखाद्या जिवंत कपाळाला तें शोभेनासें होतें, आणि तें ठरविणारीं माणसें देवीपुढें त्याच वेळीं हात जोडून उभीं असतात, हें पाहून आनंद थोडा कमी होतो.

येथें कोणी म्हणेल कीं, कुंकवाची तुलना दुकानांतल्या ग्लॉसशीं करणें हें कुंकवाचा अपमान करणें होय; एकांत पवित्र भाव आहे, दुसऱ्यांत नुसती हौस. हा आक्षेप आम्ही हलका समजत नाहीं. ज्या स्त्रियांनीं जन्मभर श्रद्धेनें कुंकूं लावलें त्यांच्या श्रद्धेंत आम्हांस कांहीं खोटें दिसत नाहीं. परंतु भाव पवित्र असेल तर तो तिचा आहे. आणि तिचा असेल तर नवरा मेल्यावर त्याच्यासंबंधींचा तिचा भाव मेला असें कसें धरतां? उलट त्याच दिवशीं तर तो अधिक तीव्र असतो. तेव्हां पुसलें जातें तें भावाचें चिन्ह नव्हे, मालकीचें चिन्ह पुसलें जातें. हौसेच्या ग्लॉसच्या बाजूनें एवढें तरी सांगतां येईल कीं, तो कोणाच्या मृत्यूनें बंद होत नाहीं, आणि लावणारीच्या कपाळीं कोणाच्या जीविताची जबाबदारी लादीत नाहीं. ‘तुझाच रंग’ हें त्याचें वाक्य रसायनदृष्ट्या अतिशयोक्तीचें आहे खरें. पण तें वाक्य आमच्या घरांत कुंकवाविषयीं कोणी कधीं उच्चारलेंच नाहीं. कदाचित् म्हणूनच तें त्या मुलीस इतकें गोड लागलें.

२०२२ च्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्यांतल्या हेरवाड ह्या गांवच्या ग्रामसभेनें विधवेचें कुंकूं पुसणें, बांगड्या फोडणें व मंगळसूत्र तोडणें ह्या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्यसरकारनें इतर गांवांनींहि हें उदाहरण घ्यावें असें परिपत्रक काढलें. बंद करण्याचेंच बंद केलें, हें चांगलें झालें. परंतु ठराव पुसणाऱ्याचा हात धरतो; लावणारीचा हात उचलण्याचें त्याच्यानें होत नाहीं. साठी उलटलेल्या बाईपुढें हळदीकुंकवाचा करंडा आला कीं ती अजूनहि चटकन् मागें सरते, आणि ‘मला नको बाई’ म्हणतांना तिला खरोखरच नको असतें कीं नको म्हणण्याची संवय असते हें तिचें तिलाहि सांगतां येणार नाहीं. अशा वेळीं बळेंच कुंकूं लावणारे सुधारकहि आम्हीं पाहिले आहेत. बाईच्या कपाळाचा निकाल आपणच द्यावयाचा हा हक्क त्यांनीं सोडलेला नसतो. निकाल मात्र उलट दिलेला असतो. तिनें लावलें तर तिचें, न लावलें तरी तिचेंच, एवढी मोकळीक देण्याला ठरावापेक्षां अधिक वेळ लागतो.

बहिणाबाई चौधरी ह्यांचा जन्म १८८० सालीं जळगांवजवळच्या असोद्यास झाला. जळगांवच्या चौधऱ्यांच्या घरीं त्या सून म्हणून आल्या, आणि तिशीच्या सुमारास त्यांस वैधव्य आलें. त्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, पुस्तकरूपानें निघालीं. आपल्या वैधव्यावरच्या गाण्यांत त्यांनीं कुंकवाबरोबर एका दुसऱ्या रंगाची आठवण केली आहे, आणि तो रंग म्हणजे गोंदण. खानदेशांतील जुन्या बायकांच्या कपाळीं, हनुवटीवर व मनगटांवर तें दिसे; मेल्यावर बरोबर येतो तो एवढाच दागिना, असें त्या म्हणत. गोंदणारी सुईनें काजळी टोंचते. काजळी काळी, परंतु कातडीखालीं गेली कीं वरच्या थरांतून येणाऱ्या प्रकाशांत ती निळसर हिरवी दिसते. तोहि रंग बदलणाराच, मात्र एकदां बदलला कीं पुन्हां न बदलणारा, आणि तो बंद करणें कोणा कंपनीच्या किंवा भावबंदांच्या हातीं नाहीं. गोंदणाचा ठिपका पुष्कळदां नेमका दोन्ही भिंवयांच्या मध्यें, कुंकवाच्या जागींच असे. रोजचें कुंकूं त्यावर लागे, तेव्हां तो झांकलेला असे. आणि तिसऱ्या कोणीं येऊन ओल्या बोटानें कपाळ पुसलें म्हणजे खालचा हिरवा ठिपका तेथें दिसूं लागे.